एका मुठीवरून सांगता येत नाई

आमच्या साडूंइतका सावकाश 'हो' म्हणणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची माझी छाती नाही. "सारा जिल्हा तपासला काय?" असं ते लगेच विचारतील, आणि आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत घरोघर फिरून आल्याशिवाय मला चहा मिळणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. नोकरीत असताना ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडरचं काम तसं मिनिटभराचं. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, धागा ताणून बघायचा आणि गाडीची प्रत सांगून मोकळं व्हायचं. साडू मात्र मूठ बघून झाली की गाडीवर चढत. पुढून, मागून, तळातून कापूस उपसून बघत आणि उतरेपर्यंत त्यांच्या मिशा-भुवया पांढऱ्या झालेल्या असत. मागे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची, बैल बसून घ्यायचे, गाडीवान शिव्या घालायचे. "एका मुठीवरून सांगता येत नाई," एवढंच साडूंचं उत्तर. पण तळाशी ओला कापूस दडवलेली गाडी त्यांच्या हातून कधी सुटली नाही आणि चांगल्या मालाची प्रत त्यांनी कधी पाडली नाही. शिव्या घालणारेच पुढल्या वर्षी त्यांचीच रांग धरत.

लग्नातही तोच प्रकार. मुलगी बघायला आष्टीला गेले, पोहे खाल्ले, ताईंनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, आणि सगळे 'पसंत' ऐकायला कान टवकारून बसले, तर हे म्हणाले, "एका भेटीवरून कसं सांगू?" मग दुसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा आले. सातव्या खेपेला पोहे करून करून सासूबाई कंटाळल्या आणि सासरेबुवांनी परस्पर तारीख काढली. "तुम्ही तपासत राहा, आमी मांडव घालतो," म्हणाले. साडू मुकाट्याने बोहल्यावर चढले, पण 'पसंत' हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही, अशी ताईंची जुनी तक्रार आहे. मी उलट कशालाही पटकन हो म्हणतो. त्यामुळे आमच्या घरात तीन मिक्सर आहेत आणि एकही धड चालत नाही.

अशा माणसाला संख्यांनी पछाडलं यात नवल नाही. प्रश्न दिसायला अगदी साधा. दोनाच्या पुढची कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांची, बेरीज असते. आठ म्हणजे पाच आणि तीन, वीस म्हणजे तेरा आणि सात, शंभर म्हणजे सत्त्याण्णव आणि तीन. सगळ्यांना वाटतं की हे खरं आहे, पण सगळ्या संख्यांसाठी ते अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. साडूंनी तेच करायला घेतलं. मी एकदा मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितलं की संगणकांनी कागदावर मावणार नाहीत एवढ्या संख्या तपासल्यात, आता राहिलं काय? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते मूठ झाली," म्हणाले, "गाडी केवढी हाय? या गाडीले तळच नाई."

बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरात, समोरच्या खोलीत, या सिद्धतेच्या वह्यांची चळत छपरापर्यंत गेली. अक्षर त्यांचं असं की त्यांनाच लागत नसे, म्हणून दरवर्षी ताई सगळं सुवाच्य उतरवून काढायच्या. दहावीनंतर ताईंचं शिक्षण थांबलं होतं, पण वीस-पंचवीस वर्षं उतरवता उतरवता त्या बरंच काही समजायला लागल्या. साडूंचा सगळ्यात मोठा राग तीन शब्दांवर: 'याप्रमाणेच पुढे सर्व'. दोन-चार उदाहरणं देऊन असं लिहिणाऱ्याला त्यांच्या दारात थारा नव्हता. एकदा दूधवाला सहज म्हणाला, "दूध रोजच असंच राहीन," तर त्याला त्यांनी पाऊण तास उभं करून ठेवलं.

गेल्या पोळ्यानंतर साडूंनी जाहीर केलं की सिद्धता पूर्ण झाली. पेढे आणले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, ऑपरेशन या सिद्धतेसाठीच पुढे ढकललेलं. आता ताईंनी शेवटची प्रत काढली की ती नागपूरच्या एका प्राध्यापकांना द्यायची, एवढंच उरलं होतं. आठवड्याने ताईंचा मला फोन आला. आवाज दबका. "भाऊजी, एक्केचाळिसाव्या पानावर यायनं तेच लिवलं हाय. पाच उदाहरनं अन् खाली, याप्रमाणेच पुढे सर्व. सांगू का नको सांगू? सांगितलं तर मानूस कोसळते. नाई सांगितलं तर तिकडचे लोक हासतीन."

मी सवयीप्रमाणे पटकन म्हणालो, सांगू नका. त्यांनी फोन ठेवला आणि सांगून टाकलं. बरोबर केलं त्यांनी. पण साडू तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी मी तिथे गेलो, तर एकटेच एक्केचाळिसावं पान डोळ्यांजवळ धरून बसलेले. "ओली गाडी पास केली मी," म्हणाले. "तीबी माह्या घरची." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नसेलच सिद्ध होत, तर?" आणि काय सांगू, माणूस ताठ झाला. "तर्कशास्त्रवाल्यांनी तेच तं दाखवलं हाय! अंकगणिताचे नियम कितीबी नीट मांडा, काही वाक्यं त्या नियमांनी खरीबी सिद्ध होत नाई अन् खोटीबी."

"मग तुमचं वाक्य त्यातलंच निघालं तर?"

"तर ते खरं हाय! आयका. समजा ते खोटं हाय. म्हंजे एखादी सम संख्या नापास हाय. मंग ती कितीबी मोठी असो, मोजत मोजत तिथवर पोचता येते, अन् हे पाहा म्हून दाखवता येते. झालं, खोटं सिद्ध! म्हंजे जे खरंबी सिद्ध होत नाई अन् खोटंबी सिद्ध होत नाई, ते खरंच असलं पाह्यजे."

मला हे साधारण दोन मिनिटं समजलं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप ठेवत म्हणाल्या, "मंग माह्यं काय ते आता तरी सांगून टाका. मी पसंत हाय का नाई?"

साडूंनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं झाले, उलट उदाहरण शोधून राह्यलो. एकबी नाई सापडलं."

"म्हंजे?"

"म्हंजे सिद्ध नाई झालं," साडू म्हणाले. "पण खरं हाय."

ताई साखर आणते म्हणून आत गेल्या, चहा चांगला गोड असताना.

डोळ्यांचं ऑपरेशन आता झालंय, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. नव्या वहीत साडू सांगतात आणि ताई लिहितात, आणि मध्येच पेन थांबवून विचारतात, "हे कशावरून?" मग दोघांचं कडाक्याचं भांडण होतं आणि पान फाडलं जातं. परवा गेलो तेव्हा ते तिसऱ्या पानावर होते. या वेगाने ही सिद्धता दोघांच्या हयातीत काही पुरी होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी आपला कोपऱ्यात बसून ऐकत राहतो. सिद्ध मला काहीच करता येत नाही, पण मनापासून वाटतं, या दोघांच्या गाडीला कधी तळ लागू नये.