बाबांच्या खिशातलं नेट

बोरीवलीच्या घरात नेट होतं ते बाबांच्या खिशात. दोघांत एकच पॅक, तोही त्यांच्या फोनवर. त्यांचा हॉटस्पॉट कायम चालू आणि आईचा फोन त्याला जोडलेला. "घरात माणसं दोन, दोन-दोन रिचार्ज कशाला?" हा त्यांचा खाक्या. डोकं फिरायचं माझं. ते भाजी आणायला खाली उतरले की आईची मालिका तिथल्या तिथे अडकायची. "गेले बाई घेऊन!" असं कुरकुरत ती स्वयंपाकघरात जायची.

परत येताना मात्र बाबा दुसऱ्या मजल्यावर पोचले की वर तिसऱ्या मजल्यावर आईचा फोन टिंगटिंग वाजायला लागायचा. अडकलेले सगळे सुप्रभात एकदम येऊन पडायचे. मग ती चहाचं आधण ठेवायची. दाराची बेल वाजेपर्यंत तिचं आलं किसून झालेलं असायचं.

बाबा गेले. त्यांचा नंबर बंद झाला. मी मुलुंडला. रोज संध्याकाळी फोनवर आईचा चेहरा दिसावा, एवढंच मला हवं होतं. म्हणून बोरीवलीला जाऊन तिच्याकडे वाय-फाय बसवून घेतलं. माणूस राउटर भिंतीला लावून गेला, पण आई काही फोन हातात देईना.

"सेटिंग बदलू नको माझं. आहे तसं राहू दे."

"अगं, आहे तसं म्हणजे काय? नेट आहे कुठे त्यात?"

"नसू दे."

"मग बस अशीच!" मी वैतागून ओरडले, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. तिच्या वाय-फायच्या यादीत बाबांच्या हॉटस्पॉटचं नाव अजून होतं. माझ्या हातून ते पुसलं जाईल, ही तिची भीती.

मग सुचलं. तिच्या फोनला हातच लावायचा नाही. माझ्या फोनवरून राउटरचं सेटिंग उघडलं आणि नव्या वाय-फायला बाबांच्या हॉटस्पॉटचंच नाव दिलं. पासवर्डही तोच, आमचा जुना लँडलाइनचा नंबर. दोन्ही जुळलं की आईचा फोन आपोआप जोडला जाणार होता. झकास, म्हटलं मनात, आणि सेव्ह केलं.

ओट्यावर तिचा फोन वाजायला लागला. टिंगटिंग थांबेचना. आई मेथी निवडत बसली होती. ती उठली, हात पुसले, आधण ठेवलं, आलं किसलं. दोन कप मांडले. एकात साखर घातली, दुसऱ्यात नाही. बाबांना शुगर होती. चहा गाळला आणि दाराकडे बघत उभी राहिली.

बेल कोण वाजवणार होतं? मला रडूच फुटलं. "आई, ते मी केलं गं."

तिनं बिनसाखरेचा कप माझ्यापुढे सरकवला. "घे, गार होईल."

मला चहात दोन चमचे साखर लागते. तो चहा मी तळापर्यंत प्यायले.