दोरी सोडायची असते

आमच्या मळ्यात इंजिन आलं ते एक बैल गेला म्हणून. भर उन्हाळ्यात जोडीतला तांबडा खाली बसला तो उठलाच नाही. एका बैलावर मोट चालत नाही. वाशीमच्या बाजाराला भाजी देणारा आमचा मळा, वांगी नुकती फुलावर आलेली, आणि पाट कोरडा ठणठणीत. मग माझा नवरा अकोल्याला गेला आणि एक जुनं इंजिन पंपासकट घेऊन आला. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. बाजूला लोखंडी चाक होतं. चाकाच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, वेढे द्यायचे आणि हिसडा मारून ओढायचं. इंजिन लागलं की दोरी आपोआप सुटून हातात येते.

दोरीच्या टोकाला लाकडी मूठ होती. ती ह्यांनी पहिल्याच दिवशी काढून फेकली आणि दोरी सरळ पंज्याला गुंडाळली. धाकटे दीर वाशीमच्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यांना यंत्रांची थोडी समज होती. ते म्हणाले, "दादा, मूठ राहू दे. उलटा झटका आला त दोरी सोडून द्या लागते."

"दोरी सोडणारा माणूस मोट हाकत नसते," हे म्हणाले.

त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. मोटेवर बैल धावेच्या उतारावरून पाठमोरे मागे येतात, थेट विहिरीच्या काठापर्यंत. तेव्हा हातातला कासरा निसटला तर जोडी मोटेसकट आत. म्हणून सासऱ्यांनी ह्यांना पोरवयात एकच धडा दिला होता, कासरा हाताला गुंडाळायचा आणि जीव गेला तरी सोडायचा नाही. तीस वर्षं ह्या माणसाने तेच केलं. बैल असो की इंजिन, ह्यांच्या लेखी ओढायची वस्तू ती ओढायची वस्तू.

महिनाभर इंजिन बरं चाललं. मग दोरी जड जायला लागली. अर्ध्यावर येऊन चाक अडायचं आणि हाताला मागे खेचायचं. हे घामाघूम व्हायचे, इंजिनाला शिव्या द्यायचे. मी एकदा म्हटलं, "ते मूठ लावून पाहा ना." तर मला म्हणतात, "तूच ये वढाले. तुह्या तोंडाच्या धाकानंच चालू होईन." मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला हसू आलं आणि रागही आला.

एका सकाळी काही केल्या ते लागेना. दीर कामावर जाता जाता थांबले. त्यांनी आधी तेल पाहिलं, तेल होतं. पंपाचा पट्टा उतरवून पाहिला, तरी दोरी तशीच जड. मग प्लग काढला आणि चाक फिरवलं, तर ते एका बोटाने गरगर फिरलं. म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. प्लग परत लावला आणि दोरी मुठीत सैल धरून ओढली, तशी ती त्यांच्या हातातून फटकन उलटी गेली.

"दादा, हे जाम नाही झालं. हे उलटं मारून राह्यलं," दीर म्हणाले. "चाक आसावर सरकलं वाटते. आतली पाचर तुटली असन, म्हणून ठिणगी येळेच्या आधी पडून राह्यली. मोठा पाना लागते. संध्याकाळी आणतो न् खोलतो. तवर हात लावू नको. अन् वढलंच त हाताले गुंडाळू नको, पाय पडतो तुह्या."

"अन् वांगी? संध्याकाळलोक वांगी काय माह्या तोंडाकडे पाहून राह्यतीन?"

दीर गेले. मी वाफ्यात होते, पाटातलं गवत काढत. वांग्यांची पानं खाली लोंबली होती, हे मीही बघत होते. इंजिन एकदाच खोकलं. पुढची धडधड आली नाही म्हणून मी मान वर केली.

चाक उलटं फिरलं होतं आणि दोरीबरोबर हाताला चाकामागच्या फटीत घेऊन गेलं होतं. हे ओरडले नाहीत. डाव्या हाताने चाक धरून उभे होते आणि उजवा हात मागे ओढत होते. दोरी तशीच पंज्याला आवळलेली. मी विळ्याने ती कापली. त्या हाताचं मी वर्णन करणार नाही. पदर फाडून बांधला, तो लगेच भिजला.

वाशीमच्या डॉक्टरांनी नुसतं उघडून पाहिलं आणि अकोल्याला न्या म्हणाले. एका ट्रकवाल्याने बसवून घेतलं. मेडशीच्या पुढे रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला ह्यांचे दात वाजायचे. मी तो हात मांडीवर धरून होते आणि मनातल्या मनात सगळ्या देवांशी भांडत होते. हात वाचू दे, एवढंच मागत होते. हात गेला तर ह्या माणसाकडे दुसरं काय आहे? अकोल्याच्या डॉक्टरांनी तो मनगटापासून काढला.

चार-पाच दिवसांनी दीर दवाखान्यात आले. ह्यांना झोप लागली होती. दीर मला हळूच म्हणाले, "वहिनी, चाक खोललं. पाचर अर्धी कापली होती. लोहाराकून नवी करून घेतली. आता अर्ध्या वढीत लागते." वांग्यांना पाणी मिळालं होतं. मला इतका संताप आला की मनात म्हटलं, जाऊन ते धूड विहिरीत लोटा. पण वांगी जगली होती आणि आता आम्हाला त्यांच्यावरच जगायचं होतं.

हे जागे झाले. आमचं बोलणं कानावर पडलं असावं. त्यांनी त्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दोरी सोडाची असते, हे मले काहून नाही सांगतलं कोनं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. एरवी मी एकही गोष्ट सोडली नसती.

"नाही सांगतलं कोनं," मी म्हटलं.

दीर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मीच इसरलो दादा," ते म्हणाले.