पोट सुटलेला टायर

आमच्या भागात रस्त्यानं चाललेल्या माणसाला कुणीही, न विचारता, चार शब्द सांगतं. मोटारसायकलचा स्टँड खाली राहिला तर समोरून येणारा हात करून दाखवणार, ओढणी चाकाकडं लोंबली तर मागचा हॉर्न वाजवणार, आणि टायरमध्ये हवा कमी दिसली तर हमखास सांगणार. ओळख असायची गरज नाही. मी वडगाव निंबाळकरची, लग्न होऊन शेळगावात आले; पण बारामतीपासून इंदापूरपर्यंत ही रीत कुठं बदललेली मला दिसली नाही. मला तिचं कौतुकच वाटायचं. मग आमच्या ट्रॅक्टरला लेकीचे टायर बसले आणि त्या एका हंगामात ह्याच रीतीनं माझा जीव नकोसा करून सोडला.

लेकीचे टायर म्हणजे लेकीनं घडवलेले. पोरगी बारामतीला इंजिनिअरिंग शिकली आणि पुण्याच्या पलीकडं एका टायर कंपनीत लागली. तिनं घरात सांगितलं तेव्हा माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते म्हणाले, "पंक्चर काढाय एवढं शिकाय लागतं व्हय?" ते थट्टा करतायत की खरंच विचारतायत हे त्यांच्या तोंडाकडं बघून आजवर कुणाला कळलेलं नाही. पोरगी मात्र नाराज झाली नाही. ती त्यांचीच नात.

तिच्याकडं काम आलं ते टायरच्या बाजूचं. जमिनीला टेकतो तो नक्षीचा भाग दुसऱ्यांकडं. आणि रिमपासून नक्षीपर्यंतची जी उभी भिंत असते, जिच्यावर कंपनीची अक्षरं असतात, ती हिच्याकडं. त्याला ते साइडवॉल म्हणतात. आपले पंक्चरवाले नुसतं 'साइड' म्हणतात. मला ऐकून वाईट वाटलं होतं. "म्हणजे जिकडं कुणी ढुंकून बघत नाही तेवढंच तुझ्या वाट्याला?" असं मी बोलूनही गेले.

त्यावर तिनं मला चुलीपुढं बसून शिकवणीच लावली. मी भाकरी थापतेय आणि ही सांगतेय. आत दोऱ्यांचे पदर असतात, एका काठाच्या तारेच्या कड्यापासून दुसऱ्या काठाच्या कड्यापर्यंत. जुन्या पद्धतीच्या टायरात हे दोरे तिरपे, एकमेकांवर फुल्या मारत जातात, म्हणून साइड ताठ राहते. नव्या रेडियल टायरात दोरे सरळ आडवे जातात, म्हणून साइड मऊ. वजन आलं की ती वाकते, खालची नक्षी लांबवर पसरते, माती घट्ट धरते आणि रान कमी दाबलं जातं.

"आई, ट्रॅक्टरचं वजन रबर उचलत नाही, हवा उचलते," ती म्हणाली. "साइडनं फक्त हवा धरून ठेवायची आणि दिवसभर वाकत राहायचं. पण वाकून मोडायचं नाही, तापायचं नाही, उन्हानं तडकायचं नाही. उसाच्या खोडक्या टोचल्या तरी फाटायचं नाही."

मी म्हटलं, "हे तर सुनेचं वर्णन झालं." ती पोट धरून हसली. मी काही विनोद केला नव्हता.

पण त्या दिवसापासून मी टायरच्या साइडकडं बघायला लागले, हे खरं. रबरात मेण कालवलेलं असतं आणि ते हळूहळू वर येऊन उन्हापासून राखण करतं, म्हणून चांगला टायर जरा तांबूस दिसतो, हेही तेव्हाच कळलं. आमच्या ह्यांनी दसऱ्याला ट्रॅक्टर धुताना तो तांबूसपणा घासून काढून वर काळं पॉलिश मारायचा घाट घातला होता. लेकीनं फोनवरून बापाला असं काही झापलं की पॉलिशची बाटली तशीच फडताळात गेली. एवढ्याशा काळ्या भिंतीत माणसं किती डोकं घालतात, ह्याचं मला फार अप्रूप वाटायचं. अजून वाटतं.

तर, तिनं आखलेल्या साइडचे टायर तयार झाले आणि कंपनीला ते खऱ्या कामावर हंगामभर चालवून बघायचे होते. वेगवेगळ्या गावांत जोड्या दिल्या. एक जोडी तिनं हट्टानं आपल्या घरासाठी मागून घेतली. आमचा ट्रॅक्टर रानातही चालतो आणि गाळप सुरू झालं की उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावरही जातो. तो चालवतात आमचे हे, म्हणजे लेकीचे अप्पा. हंगाम संपला की तिचे साहेब येऊन टायर बघणार आणि ठरवणार, ही साइड पुढं न्यायची की रद्द करायची.

"रद्द झाली तर?" मी विचारलं.

"तर जुन्याच मापाचा काढतील. माझं सगळं काम फळीवर." तिनं हसून सांगितलं, पण मी आई आहे, ते हसू कुठल्या जातीचं होतं ते मला कळलं. एकच अट तिनं घातली. हवा ती सांगेल तेवढीच ठेवायची. एक फुंकरही जास्त नाही.

आणि तेवढ्या हवेवर त्या मऊ साइडला वजनाखाली चांगलं पोट सुटायचं. तसंच ते सुटायला हवं होतं. पण हे जगाला कोण सांगणार?

पहिल्याच खेपेला ह्यांना वाटेत किती जणांनी थांबवलं विचारू नका. दुधाच्या गाडीवाला, एसटीचा कंडक्टर, कडबा घेऊन चाललेली एक म्हातारी. "मालक, मागं हवा कमी हाय." आमचे हे मऊ स्वभावाचे, प्रत्येकाला थांबून रेडियल म्हणजे काय ते समजावत बसायचे. एकदा मी जेवणाचा डबा द्यायला कारखान्याच्या अड्ड्यात गेले तर नंबराला लागलेले सगळे ड्रायव्हर आमच्या चाकाभोवती जमलेले, आणि एकेक जण लाथ मारून बघतोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या पोरीनं बनवलेला टायर हाय तो. इंजिनिअर हाय ती. तिनं सांगितलेली हवा हाय."

त्यातला एक वयस्कर ड्रायव्हर फार अदबीनं म्हणाला, "पोरगी इंजिनिअर हाय ते लय बेस झालं, वहिनी. पण हवा कमी हाय."

मी डबा आपटून घरी आले. मला राग लोकांचा नव्हता येत, त्यांच्या मायेचा येत होता. वाईट बोलणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. काळजीनं सांगणाऱ्याला काय सुनावणार?

आबांना मात्र ते फार लागायचं. गावातल्या पहिल्या काही ट्रॅक्टरांतला एक त्यांनी चालवलेला. टायर कसा असावा, तर काठी मारल्यावर ठण वाजावा, हे त्यांचं जन्माचं मत. दूध घालायला डेअरीवर गेले की तिथले म्हातारे विचारायचे, "आबा, नातीच्या टायरचं पोट सुटलंय म्हनं?" आबा उलट उत्तर द्यायचे नाहीत. घरी येऊन गोठ्याच्या पडवीतल्या खाटेवर बसायचे आणि समोर उभ्या ट्रॅक्टरकडं बघत राहायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, लोकांचं काय मनावर घेता?" तर म्हणाले, "लोकं मला न्हाय हसत, पोरी. तिला हसत्यात."

लेक अधूनमधून यायची, मीटर लावून हवा बघायची, फोनवर फोटो काढायची आणि खूश होऊन जायची. ह्यांनी मध्येच दोन-तीनदा म्हटलं होतं, "ट्रॅक्टर एका अंगाला ओढतोय." पण आपले रस्ते काय लायकीचे आहेत ते सगळ्यांना माहीत; तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, थोडे दिवस उरले होते. हे सकाळी उसाची खेप टाकून आले, ट्रॅक्टर जागेवर लावला. मी शेण काढायला गेले तर डाव्या टायरच्या साइडवर तळहाताएवढा फुगा. लेकीला फोन लावला. तिनं आधी विचारलं, "अप्पा बरे आहेत ना?" मी म्हटलं, "त्यांना काय झालंय? टायरचं सांगतेय मी." ती म्हणाली, "त्या ट्रॅक्टरला हात लावू नका. मी सरांना घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती आली. सोबत तिचे मोठे साहेब, केस पिकलेले, बोलायला सभ्य. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि टायरपाशी मांडी घातली. फुग्यावर अंगठा दाबला. आतले दोरे तुटलेत म्हणाले, दगडाचा मार बसलाय. मग नक्षी बघितली. डाव्या टायरची मधेच झिजलेली. उठून उजवा बघितला. तो नुकताच बसवल्यासारखा.

"एकच घर, एकच रस्ता, तेच वजन," ते म्हणाले. "मग एकाची साइड दगड झेलते आणि दुसऱ्याची तुटते, हे कसं?" थोडं थांबून म्हणाले, "मला वाटतं आपण ती फार पातळ धरलीय. भरवसा देता येणार नाही."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. शाळेतसुद्धा मी तिला असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आत जाऊन रडून घ्यावं.

तेवढ्यात खाटेवरून आबा उठले. काठी टेकत आले आणि साहेबांपुढं उभे राहिले. ह्या माणसानं आयुष्यात कधी, कुणापुढं, माझं चुकलं असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "सायेब, टायरला दोष देऊ नका. हवा मी भरत हुतो."

मग आबांनी खालच्या मानेनं सगळं सांगितलं. एअर फिल्टर साफ करायला छोटा कॉम्प्रेसर घरात आहेच. डावा टायर त्यांच्या खाटेकडं असतो, रोज सकाळी डोळ्यांपुढं त्याचं ते पोट. बघवेना, म्हणून भरायचे, ठण वाजेपर्यंत. उजवा भिंतीकडं, तिकडं पाइप पोचत नाही, म्हणून तो वाचला. नात येणार असं कळलं की आदल्या दिवशी हवा सोडायची, उजव्याएवढं पोट दिसेपर्यंत. "मला वाटलं, पोरीचं हसं नगं व्हायला," एवढं म्हणून ते थांबले.

साहेबांचा चेहराच खुलला. म्हणाले, "अहो, म्हणूनच नक्षी मधेच झिजलीय, मग टायरची काय चूक? एवढ्या हवेवर साइड दगडासारखी ताठ होते, मार झेलायला वाकणार कशी? हा टायर आपण हिशेबात धरायचाच नाही. उजवा उत्तम आहे. झालं, पास."

मी पळतच आत गेले आणि चहा टाकला. साखर जरा सढळच घातली. आणि बाहेरून लेकीचा आवाज आला. "सर, तो बाजूला नाही काढता येणार."

मी चहा तसाच टाकून दारात आले. ती सांगत होती, "आमच्याकडं कमी हवा दिसली की माणसं भरतात, सर. वाईट बुद्धीनं नाही. रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा सांगतो. हा टायर ज्या ज्या घरी जाईल, तिथं कुणीतरी भरणारच. तेवढ्यानं माझी साइड तुटत असेल तर ती अजून झालेली नाही. दोऱ्याचा पदर मला परत बघायला पाहिजे. पुढचा हंगाम लागेल."

साहेबांनी तिला समजावलं. ती हटली नाही. मग मला राहवेना. तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि तोंड सोडलं. म्हटलं, "अगं, तो मोठा माणूस स्वतःच्या तोंडानं पास म्हणतोय, आणि तू स्वतःच स्वतःला नापास करतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, तो फुगा आला तेव्हा अप्पा रस्त्यावर होते. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. तिथंच फुटला असता तर?"

तेव्हा कुठं मला आठवलं. फोनवर तिनं आधी टायरचं नव्हतं विचारलं, बापाचं विचारलं होतं. आणि मी तिला टायरचं सांगत बसले होते. मला माझ्या पोरीचा अभिमान नेहमीच होता, पण तो मार्कांचा, नोकरीचा, चार बायकांत सांगण्यासारखा. त्या दिवशी वाटला तो निराळाच. खरं सांगते, तिच्यापुढं मला थोडं लहान झाल्यासारखं वाटलं आणि त्याचंही काही वाईट वाटलं नाही.

साहेब शेवटी "ठीक आहे, पुढचा हंगाम घे" म्हणून गाडीत जाऊन बसले. आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेले. चहाला हात लावला नव्हता. लेक जाऊन त्यांच्या पायाशी बसली.

"आबा, पुढच्या हंगामाला नवे टायर आणते. हवा तुमीच भरायची. तुमच्या मनाला येईल तेवढी."

"चेष्टा करतीस व्हय म्हाताऱ्याची?"

"चेष्टा न्हाय. पण अप्पा रस्त्यावर न्यायच्या आधी मला मोजू द्यायची. आन यंदासारखी चोरून न्हाय भरायची."

आबा तिच्याकडं वळले. "आन परत फुगा आला तर?"

"तर परत नवा करीन."

"अगं, एका म्हाताऱ्यापायी एवढा कुटाणा कशाला? साहेब पास म्हनत हुता की."

"टायर तुमच्यासाठीच करायचा असतो, आबा," ती म्हणाली. "साहेब कुठं ट्रॅक्टर चालवत्यात?"

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मी बघतेय ह्याची पर्वा न करता. मग त्यांनी तो गार झालेला चहा उचलला आणि अर्धा बशीत ओतून तिच्यापुढं सरकवला.