कितीकाका आणि छताखालचा फोम

कुठल्याही पदार्थाला कोणी सरळ विष म्हटलेलं वानखेडेकाकांना खपत नसे. आधी "किती?" विचारायचे, मग "किती दिवस?", आणि शेवटी "कोणाच्या अंगात?" वृंदावन योजना या आमच्या वसाहतीत आम्ही त्यांना कितीकाका म्हणायचो. नागपूरहून लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आलेले काका घरगुती रसायनांचा अपाय तपासत. भाजी खारट झाली का, याचंही उत्तर त्यांना होय-नाही असं देता येत नसे.

एका मे महिन्यात आमचं वरच्या मजल्यावरचं घर फार तापलं, म्हणून बाबांनी स्लॅबला आतून उष्णता अडवणारा फोम मारायला काढला. "शाम तक सूख जाएगा, साहब," ठेकेदार म्हणाला. खाली राहणारे काका वर आले आणि फोमच्या पिंपावरची माहितीची पट्टी वाचू लागले. ती खरवडलेली होती.

"सुरक्षित आहे की नाही, एवढंच सांगा," बाबा म्हणाले.

"मला माहीत नाही, भाऊ. हे उत्तर लोकांना सरकारी वाटतं, पण खरं तेच आहे."

वाळलेल्या फोमपेक्षा मारतानाची वाफ छातीला जास्त वाईट, हे त्यांनी समजावलं. आईला दमा होता. आम्हा तिघांना त्यांनी आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेतलं. काकू कणीक जास्त भिजवू लागल्या.

फोम मारणारा अशोक, चाळिशीतला, तोंडाला नुसता गमछा बांधून खोकत होता. काकांनी त्याला विचारलं, "छुट्टी के दिन खाँसी कम होती है?"

अशोकने आठवून पाहिलं. "हाँ, बाबूजी. उस दिन ठीक रहता हूँ."

काकांनी काम तिथंच थांबवलं. "भाऊ, तुम्ही घराचं विचारत होता. आजारी हा माणूस आहे." त्याला स्कूटरवर बसवून ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले. याच वाफेनं दमा जडलाय, आता ती थोडीही चालायची नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"छोड़ दूँ तो खाऊँगा क्या?" अशोकने विचारलं. याचं उत्तर शोधायला काका महिनाभर ऑफिस सुटल्यावर आलमबागेत हिंडले. एका सायकल दुरुस्तीवाल्यानं अखेर त्याला कामावर घेतलं. आमचं छत अर्धंच राहिलं. बाबांनी पलंग गार अर्ध्याखाली सरकवला.

निवृत्तीनंतर काका नागपूरला परतले. गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी आलमबागेत जाऊन अशोकला सांगितलं. तो चाक सोडून स्टुलावर बसला.

"उस दिन स्कूटर ख़ुद चलाए," तो म्हणाला, "और पूरे रास्ते पूछते रहे, ठीक से बैठे हो ना?"

बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. अशोकने त्याला हातानेच थांबायला सांगितलं.