पेढा चाखायची नोकरी

डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आलीय. गोड बंद करा." मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"पेढे करतो," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघत बसले.

भूमजवळच्या एका खव्याच्या भट्टीवर मी पेढ्याची कढई सांभाळतो. गाव माझं पार गोंदियाकडं. सातवीतून शाळा सुटली आणि हाताला मिळेल ते काम करत करत इतका लांब आलो, की घरी जायचं म्हटलं तर रात्रभर गाडीत बसूनही पोचायला दुसरी दुपार होते. इथं मालकांनी काही न विचारता कढईशी उभं केलं, राहायला खोली दिली. त्यांच्या आईला सगळे आम्मा म्हणतात. भातावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला त्यांनीच शिकवलं. एवढं फुकटात मिळालं की माणसाला सारखी धास्ती वाटते, कधी काढून घेतील म्हणून. मला तर सकाळी मालक खोकले तरी वाटायचं, आता जा म्हणणार.

त्यात ही साखर. कारण आमच्या भट्टीचा एक नियम होता, मालकांच्या अब्बांपासूनचा. कढईतून घाणा उतरला की ज्यानं भाजला त्यानं मालकासमोर एक अख्खा पेढा खायचा. तुकडा मोडून चालत नाही, नुसतं बोट चाटून चालत नाही. जो आपला माल खात न्हाय, त्याचा माल लोकांनी का खावा, असं अब्बा म्हणायचे. सणासुदीला घाण्यामागं घाणा उतरतो, आणि घाण्यामागं पेढा. जो पेढा खाऊ शकत नाही तो पेढेवाला काय कामाचा? म्हणून डॉक्टरांचं म्हणणं मी कुणाला सांगितलंच नाही. ठरवलं, नियमाचा पेढा तेवढा खायचा, बाकीचं सगळं गोड बंद.

सांगायला सोपं आहे. चहातली साखर गेली तर चहा काढ्यासारखा लागायला लागला. दुपार कलली की जीभ हट्टी पोरासारखी लोळण घ्यायची, आणि माझे पाय आपोआप साखरेच्या पोत्याकडं वळायचे. मग मी खिशातले फुटाणे तोंडात कोंबायचो. गुळाला कोण साखर म्हणतं, अशी मनाची समजूत काढून काही दिवस गूळ खाल्ला. मेडिकलवाल्याला सहज विचारलं तर तो इतका हसला की गूळही सुटला. ईदचा शिरखुर्मा पोट बिघडलंय म्हणून परत केला. त्याची शिक्षा म्हणून आम्मांनी मला ओवा चावायला लावला आणि वर हुलग्याचं माडगं पाजलं.

पण जीभ हळूहळू वळणावर आली. जास्तच आली. भाकरी गोड लागायला लागली. कांदा गोड लागायला लागला. आणि नियमाचा पेढा तोंडात टाकला की दात शिवशिवायला लागले. मला वाटलं, साखरेचं हे पोतं जरा जास्तच गोड दिसतंय. खवा भाजत आला की साखर मी अंदाजानं टाकतो, आणि अंदाज म्हणजे माझी जीभच. तिनं सांगितलं कमी टाक, मी कमी टाकली. पुन्हा सांगितलं, पुन्हा कमी केली. पेढा मला झकास लागत होता.

एक दिवस धाराशिवच्या दुकानदाराचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला.

"पेढा पाठवलाय का नुसता खवा? गिऱ्हाईक म्हणतंय, ह्याच्यापेक्षा आमच्या घरचा चहा गोड हाय."

मालकांनी पेढा चावून बघितला. "बराच हाय की," ते म्हणाले. पण मालकांच्या गालात सदा तंबाखू. मिठाचा खडा दिला असता तरी बराच हाय म्हणाले असते. मग ते कोठीत गेले आणि पोत्यात हात घालून बाहेर आले.

"हे पोतं कवाच संपायला पायजे होतं. ह्या धंद्यात साखर कमी झालेली लई बघितली म्या. उरलेली पयल्यांदा बघतोय. घरून आणून टाकतोस का काय?"

मी मनातल्या मनात निघालोसुद्धा. पिशवीत कपडे भरून झाले, गाडीत बसून झालं, घरच्यांना काय सांगायचं तेही ठरवून झालं. 

"त्याला काय विचारतोस," दारातून आम्मा म्हणाल्या. "शुगर झालीय त्याला. बिनसाखरेचा चहा पितोय, शिरखुर्मा परत करतोय, अन् कांदा खाऊन गोड हाय म्हणतोय. जीभ बदललीय त्याची. मला शुगर होऊन तीस वर्षं झाली, मला कळत न्हाय व्हय?"

मालक माझ्याकडं बघत राहिले. "मग आता पेढा चाखायचा कुणी?"

"मालक, वाटीनं मोजून टाकतो साखर," मी कसंबसं म्हणालो.

"खवा रोज सारखा असतोय का, वाटीनं मोजायला?"

"तू चाख," आम्मा म्हणाल्या.

"मला चव कळत न्हाय, आम्मा."

"तंबाखू थुकलीस तर कळंल. त्यानं पेढ्याच्या कढईपाशी हुबं राहून साखर सोडली. तुला चिमूटभर तंबाखू सोडवंना?"

मालकांनी शेवटचा डाव टाकला. "अन् अब्बांचा नियम?"

"तुझे अब्बा," आम्मा शांतपणे म्हणाल्या, "शेवटी शेवटी पेढा गालात धरून बाहेर जायचे अन् कुत्र्याला घालायचे. त्यांनाबी शुगरच होती. आपलं कुत्रं तेवढं गुबगुबीत का होतं, कधी इचार केलास?"

मालक उठले, बाहेर गेले आणि गालातली तंबाखू थुंकून आले.

पुढचे काही आठवडे भट्टीवर दोन उपाशी वाघ वावरत होते. मालक जळणाच्या लाकडांवर ओरडायचे, मी कढईवर. फुटाण्याचा डबा आमच्या मधोमध असायचा आणि दोघांचेही हात एकदमच त्यात जायचे. "हे तुझ्यामुळं," मालक म्हणायचे. मी म्हणायचो, "व्हय मालक." तेवढं ऐकूनही मला बरं वाटायचं. जा म्हणत नव्हते ना.

मग एका सकाळी घाणा उतरला. मालकांनी पेढा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी हातातली वाटी घट्ट धरून उभा. 

"आपला पेढा असा लागतोय व्हय," ते म्हणाले. "साखर अजून मूठभर टाक. पण हे... हे असं लागतंय व्हय?"

मी साखर टाकली, ढवळलं, पुन्हा दिला. तो त्यांनी खाल्ला. मग काही कारण नसताना आणखी एक खाल्ला. त्यानंतर आणखी एकाकडं हात गेला, तेव्हा आम्मांनी परात आपल्याकडं ओढली आणि फुटाण्याचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.