पेडलखालची कणीक

विभा गॅरेजमध्ये काम करते याची जपानमधल्या त्सुकुबातल्या मराठी बायकांना अजूनही गंमत वाटते. "अगं, तू खरंच ग्रीसमध्ये हात घालतेस?" असं कुणी विचारलं की ती नुसती हसते आणि ताटात आणखी एक पोळी वाढते. खाणारीनं काय समजायचं ते समजावं.

नवरा ऋषी इथल्या संशोधन संस्थेत लागला, तेव्हा चिंचवडच्या कंपनीतलं इंजिन टेस्टिंगचं काम सोडून ती त्याच्यामागून आली. पाच वर्षं तिनं मुलीचे डबे सांभाळले आणि कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते पाठ केलं. मग एक दिवस ओनोदेरा-सानांच्या गॅरेजवर 'पार्टटाइम मदतनीस हवा' अशी चिठ्ठी दिसली आणि बाई सरळ आत शिरल्या. सुरुवात गाड्या धुण्यापासून झाली. नऊ वर्षांत ती जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल कालवून देणाऱ्या भागापर्यंत पोचली.

त्या गॅरेजात प्रत्येक कामाला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असते आणि काम करणाऱ्यानं तिच्यावर आपला शिक्का मारायचा असतो. इथं सहीपेक्षा शिक्क्याला मान. विभाच्या कामांवर मात्र नऊ वर्षं ओनोदेरांचाच शिक्का पडत होता. गेल्या वसंतात ते म्हणाले (विभा हे नाव त्यांच्या जिभेवर 'बिबा' होतं), "बिबा-सान, मिनागावा-सानांची गाडी तुमची. शिक्काही तुमचाच मारा. ही नीट झाली, तर इंजिनाचं टेबल यापुढे तुमच्याकडे." विभानं त्याच संध्याकाळी आपल्या नावाचा शिक्का करायला टाकला.

मिनागावा-सान म्हणजे पंचाहत्तरीचे निवृत्त शाळामास्तर. माणूस काडीसारखा आणि गाडी सत्तर सालची अमेरिकन, आठ सिलिंडरची, ऑटोमॅटिक गिअरची, रस्ता भरून चालणारी. जुना कार्ब्युरेटर झिजला होता. नवा कुठला बसवायचा हे मास्तरांनी मासिकातलं चित्र दाखवून सांगितलं: सगळ्यात मोठा, शर्यतीच्या गाड्यांना असतो तो.

असल्या कार्ब्युरेटरला हवा घेणारी चार भोकं असतात. दोन कायम कामाची, दोन जादा जोरासाठी. मास्तरांना हव्या असलेल्या प्रकारात ती जादा दोन भोकं अॅक्सिलरेटरच्या पेडलला जोडलेल्या दांडीनं उघडतात. पाय जोरात पडला की उघडलीच, इंजिनाला भूक असो वा नसो. पंगतीत आग्रह करकरून वाढणारे काका असतात ना, त्यातली गत. दुसऱ्या प्रकारात इंजिनाची ओढ वाढेल तशी ती आपोआप उघडतात, म्हणजे मागेल तेवढंच वाढायचं. जड, ऑटोमॅटिक, गावात फिरणाऱ्या गाडीला हा दुसराच हवा. विभाला हे पक्कं ठाऊक होतं.

पण ओनोदेरा गिऱ्हाइकाला म्हणाले, "उत्तम निवड." गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा विभावर पुण्यात झालेला संस्कार. दोन्हीकडची सभ्यता एकत्र आली आणि चुकीचा कार्ब्युरेटर बसला. वर विभाचा कोरा करकरीत शिक्का.

चौथ्या दिवशी भर चौकात उजवीकडे वळताना मास्तरांनी जरा जोरात पाय दिला. गाडी गुदमरली आणि बंद पडली. समोरून येणारा ट्रक दोन हातांवर थांबला. मास्तरांनी फोनवर तक्रारीचा एक शब्द काढला नाही. "माझंच चुकलं असेल. वय झालं. गाडी विकावी म्हणतो," एवढंच म्हणाले. ओनोदेरांनी चिठ्ठी काढली आणि तिच्या शिक्क्यावर आपला शिक्का मारला.

"त्यांनी ब्लेम स्वतःवर घेतला ना? मग लेट इट गो," घरी ऋषी म्हणाला.

"नऊ वर्षं काम माझं आणि शिक्का त्यांचा. आता चूक माझी आणि शिक्का त्यांचा? मुळीच चालायचं नाही. आणि ते मास्तर स्वतःला म्हातारा ठरवून बसलेत, त्याचं काय?"

सकाळी पोळ्यांची कणीक मळता मळता तिला युक्ती सुचली. इथल्या रीतीप्रमाणे ओनोदेरा मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला निघाले, तेव्हा ती न विचारता गाडीत जाऊन बसली.

मास्तरांच्या दारात दोघं कमरेत वाकली. ओनोदेरांचं बोलून व्हायच्या आधीच विभा म्हणाली, "हा प्रकार तुमच्या गाडीला चालणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. मी गप्प बसले. चूक तुमच्या वयाची नाही, माझी आहे." ओनोदेरांचे कान लाल झाले. ती वाकलेलीच राहिली. "मला तीन दिवस द्या. कुठला कार्ब्युरेटर हवा ते तुमचा पायच सांगेल."

मास्तरांनी मिठाईचा खोका आत नेऊन ठेवला. मग म्हणाले, "तीन दिवस."

तिनं तात्पुरता जुना कार्ब्युरेटर परत बसवला. कणकेचा पेढ्याएवढा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेडलखाली जमिनीला चिकटवला आणि मास्तरांना तो दाखवला. पाय तळाला टेकला तर गोळ्याची चकती व्हायला हवी. "रोज जाता तसेच जा," ती म्हणाली. मास्तर बाजारात गेले, ग्रंथालयात गेले, एकदा कासुमिगाउरा तळ्यापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी गोळा तिघांच्या मधोमध टेबलावर ठेवला. तो होता तसा गोल होता, वर नखाएवढा एक खळगा.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच. शर्यतीतला पाय याची चकती करतो."

मास्तर शाळेत पेपर तपासत असावेत तसे त्या गोळ्याकडे पाहत बसले आणि मग मनापासून हसले. "मी स्वतःला भलताच तरुण समजत होतो. आणि नंतर भलताच म्हातारा."

दुसऱ्या प्रकारचा कार्ब्युरेटर बसला. विभा मास्तरांना घेऊन त्याच चौकात गेली. उजवीकडे वळताना तिनं मुद्दाम सांगितलं, "आता जोरात पाय द्या." मास्तरांनी श्वास रोखून पाय दिला. गाडी घुमली आणि वळणातून सरसर निघाली. पुढच्या सिग्नलला मास्तरांचे डोळे भरून आले होते. गाडी विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पण चिठ्ठी तशीच पडून होती. ओनोदेरा शिक्क्याबद्दल अवाक्षर काढेनात. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलेलं त्यांना खुपलं असणार, असं विभानं धरलं. पुन्हा बादली हातात घ्यायची तिची तयारी होती. गप्प बसायची मात्र नव्हती.

महिन्याभरानं मास्तरांचा फोन आला. ओनोदेरांनी दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. मास्तर उत्साहात होते. "बिबा-सान, मासिकात रुंद टायर पाहिलेत. बसवायचे का?"

विभानं ओनोदेरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"नको, मिनागावा-सान," ती म्हणाली. "स्टिअरिंग जड होईल. तुमचे खांदे दुखतील."

"मग नको," मास्तर म्हणाले.

तिनं फोन ठेवला. ओनोदेरांनी खणातून ती चिठ्ठी आणि शाईची डबी काढली आणि दोन्ही तिच्या बाजूला सरकवली.