किलिमांजारो आणि भांडुपची मांजरं

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका संस्थेची माणसं आली होती. ऐकू कमी येणाऱ्या गरीब मुलांना ही संस्था श्रवणयंत्रं देते. त्यांनी पडद्यावर बर्फाची टोपी घातलेला एक डोंगर दाखवला. आफ्रिकेतला किलिमांजारो. तो चढायला एक तुकडी न्यायची होती. जाण्यायेण्याचा खर्च प्रत्येकाने स्वतःचा करायचा आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून मुलांसाठी ठरलेली देणगी जमवायची. चहाबरोबर सामोसे चांगले होते. दुसरा सामोसा हातात असतानाच मी नाव देऊन टाकलं. तोवर मी गाठलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या बिल्डिंगची गच्ची, आणि तीही शेवटचा जिना सोडला तर लिफ्टने.

भांडुपला घरात मी आणि आई, दोघंच. माझ्या लग्नाचा विषय तिने मी चाळिशीत शिरलो तेव्हा सोडला. संध्याकाळी ती वाटाणे सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, मी किलिमांजारोला जातोय."

"खयचा मांजार?"

"मांजर नाही गं. किलिमांजारो. डोंगर आहे, आफ्रिकेत."

"आणि त्या मांजराक बघूक तू आफ्रिकेत जातलंस?"

मी मुलांचं, यंत्रांचं, देणगीचं सगळं समजावून सांगितलं. तिने त्यातलं एकच धरलं. "म्हणजे लोकांकडे पैशे मागूक जातलंस. तुका लाज वाटणा नाय?"

लाज वाटत होती, म्हणूनच मी समोरासमोर मागायचं टाळून मोबाइलवर मागितलं. नातेवाइकांच्या, शाळेच्या, ऑफिसच्या, बिल्डिंगच्या, सगळ्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. उत्तरादाखल जोडलेले हात आले, अंगठे आले, फुलं आली. कणकवलीच्या एका मामांनी गुडघ्यांवरच्या तेलाची माहिती पाठवली. पैसे कोणीच पाठवले नाहीत.

इकडे आईने भाजी घेताना, दळण टाकताना, लिफ्टची वाट बघताना आपल्या परीने बातमी पसरवली होती. आठवड्याभरात बिल्डिंगमध्ये पक्कं झालं की मी परदेशातल्या मांजरांसाठी पैसे गोळा करतोय.

हे आमच्या बिल्डिंगमध्ये नाजूक प्रकरण होतं. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. रोज सकाळी त्या गेटापासून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत मांजरांना खाऊ घालायच्या. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर ही त्या मांजरांची आवडती झोपायची जागा. सीटवर पंज्यांच्या रेघा ओढलेल्या असायच्या. त्यावरून काकू आणि सेक्रेटरी वर्षानुवर्षं बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते नोटिस बोर्डावर.

एका रविवारी काकू आमच्याकडे आल्या. डोळे पाणावलेले, हातात पाकीट. म्हणाल्या, "अरे, या बिल्डिंगमध्ये मुक्या जनावरांचा विचार करणारं कुणी आहे, हे मला माहीतच नव्हतं. आणि तू तर पार आफ्रिकेपर्यंत."

मी आईकडे बघितलं. आई पंख्याखाली वाती वळत होती, तिने मान वर केली नाही. पाकीट घेऊन गप्प बसणं सोपं होतं. मी म्हटलं, "काकू, बसा जरा. थोडा घोळ झालाय."

सगळं ऐकून काकूंनी पाकीट पुन्हा मांडीवर ठेवलं. "म्हणजे मांजराचा काहीच संबंध नाही?"

"नाही. फक्त नावात आहे."

"आणि डोंगर चढायची तुझी तयारी काय?"

"संस्थेवाल्यांनी पाठीवर वजन घेऊन चढ चढायला सांगितलंय. तांदळाची गोणी घेऊन जिने चढणार होतो, पण आई देत नाही."

"ते तांदूळ जेवणाक हत," आई म्हणाली.

काकूंनी पाकीट टेबलावर ठेवलं. "हे मुलांना दे. पण माझं एक काम कर. माझा गुडघा गेलाय. वरच्या वस्तीतल्या मांजरांपर्यंत मला आता पोचता येत नाही. ती वाट बघत बसतात रे. त्यांचा डबा तू ने. चढच चढायचा असेल, तर तिथे भरपूर आहे."

अशी माझी तयारी सुरू झाली. भांडुपला डोंगराच्या अंगाला चिकटून घरं वर वर गेलेली आहेत. बोळ अरुंद, पायऱ्या कशाही, कुठे गुडघाभर उंच तर कुठे नुसता उतार. काकू सकाळी भात आणि मासळीची डोकी एकत्र शिजवायच्या. भलामोठा डबा, त्यात आणखी पाण्याच्या बाटल्या, सगळं माझ्या पाठीवरच्या नव्या कोऱ्या सॅकमध्ये. ती सॅक बर्फात टिकेल अशी खात्री दुकानदाराने दिली होती. मासळीच्या वासाबद्दल आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत मी एका ओट्यावर बसलो तो उठवेना. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "पार्सल कोणाचं आहे?" हळूहळू दम वाढला. काकू खाली नळाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फोनवरून मार्गदर्शन करायच्या. "पिवळ्या दाराशी काळी मांजरी आहे ना, तिला आधी दे, तिला पिल्लं आहेत. धापा टाकतोयस. नाकाने श्वास घे." मी वर दिसलो की मांजरं शेपट्या उभारून धावत यायची. ऑफिसात मात्र माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली.

तयारी चालली होती, देणगी मात्र काकूंच्या पाकिटाशीच अडली होती. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि मांजरांचा खुलासा केला. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर आधी समाधान पसरलं, मग त्यांना शंका आली. "तिकिटाचे पैसे तू स्वतःचे घालणार?"

"हो. बाइकसाठी साठवले होते."

"मग तेच मुलांना देऊन टाक ना. जायचंच कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मलाही तो आंघोळ करताना पडायचा. मी म्हटलं, "घरी बसून मागितले तर कोण ऐकणार?"

"आताही कोण ऐकतंय?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

ते आईला लागलं असावं. सकाळी तिने जाहीर केलं, "मी वडे-सागोती करतंय. गच्चीवर. जेवान घालून पैशे घेतले तर ती भीक नाय."

मग मी नुसता हमाल झालो. आईने गावाकडच्या ओळखीच्या बायका जमवल्या, मटणवाल्याशी घासाघीस केली, न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ टाकली. काकूंनी बँकेतल्या सवयीने कुपनं छापून घेतली आणि फुकट जेवणाऱ्या एकालाही गच्चीचं दार ओलांडू दिलं नाही. वाटणाचा वास जिन्यातून खालपर्यंत गेला. मेसेजला अंगठे दाखवणारी सगळी माणसं पोराबाळांसह आली. मुलुंडचे नातेवाईक आले. माझ्या शेजारची खुर्ची सोडून गेलेला ऑफिसमधला सहकारीही आला, आणि दोनदा कुपन घेऊन जेवला.

वास मांजरांनाही गेला होता. पंगत रंगात आल्यावर ती एकेक करून पाण्याच्या टाकीमागून डोकवायला लागली. काकू धास्तावल्या. सेक्रेटरी नेमके टाकीकडेच बसले होते, तिसऱ्यांदा सागोती घेत. माझ्यासकट चारजणांनी बघितलं की त्यांनी आजूबाजूला पाहिलं, एक चांगलं मांसाचं हाडूक उचललं आणि हात खाली नेऊन टाकीमागे सोडलं. वर मान केली तर समोर काकू वडे घेऊन उभ्या. काकूंनी त्यांच्या पानात दोन वडे वाढले. "पुरे," सेक्रेटरी म्हणाले. नोटिस बोर्डाशिवाय झालेलं त्यांचं ते पहिलं बोलणं.

ठरलेली देणगी त्या एका दुपारी पुरी झाली. संस्थेच्या माणसाने फोन करून विचारलं की नेमका कोणता उपक्रम केला. मी सांगितलं, जेवण.

मग मी खरंच आफ्रिकेला गेलो. सुरुवातीचे दिवस झकास गेले. झाडी संपली, नुसता दगड आला, तरी माझे पाय चालत होते. पुढच्यांना धाप लागायची आणि मी मनात पिवळं दार, ओटा, उंच पायरी असं म्हणत चढायचो. पण शेवटच्या मुक्कामावर माझं डोकं घणाचे घाव बसावेत तसं ठणकायला लागलं, पोटात काही ठरेना, बोलताना जीभ अडखळायला लागली. वाटाड्या शांत माणूस होता. त्याने मला सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. मी माझ्या मते सरळ चाललो. तो म्हणाला, उंची बाधलीय, आता खाली. मी हुज्जत घातली नाही. शिखर वर दिसत होतं, आणि खाली उतरताना मला रडू आलं. रडताना आणखी डोकं दुखतं, म्हणून तेही थांबवलं.

परत आल्यावर लिफ्टपाशीच सेक्रेटरी भेटले. "पोचलास?"

"नाही. शेवटच्या टप्प्यावरून परत आणलं."

ते विचारात पडले. "मग आमचे पैसे?"

"ते जायच्या आधीच पोचले."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी माझी सॅक उचलून लिफ्टमध्ये ठेवली. आईने दारातच माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. "बारीक झालंस," एवढंच म्हणाली. काकूंना मात्र शिखराचं वाईट वाटलं. माझ्यापेक्षा जास्त वाटलं असावं, कारण तयारी त्यांची होती.

पुढे महिन्याभराने संस्थेने आम्हाला कुर्ल्याच्या केंद्रात बोलावलं. आई आणि काकू बरोबर होत्या. एका लहान मुलीच्या कानाला त्या दिवशी यंत्र बसवत होते. तिची आई तिला हाक मारत होती, डॉक्टरीणबाई टाळी वाजवत होत्या. मुलगी त्यांच्याकडे बघेना. ती मान वर करून छताच्या पंख्याकडे बघत राहिली, तोंड किंचित उघडं. मग तिने बोटाने तो पंखा दाखवला. आम्हीही सगळे वर बघायला लागलो. पंखा कुरकुरत होता, आणि आत आल्यापासून आमच्यापैकी एकालाही ते जाणवलं नव्हतं.

मग आई हळूच म्हणाली, "ह्या फॅनाक तेल घालूक व्हया."